१०८ वरच्या त्या मुलीसारखं व्हायचंय

कोपरखैरणेहून एका आईचं पत्र आलंय. पहाटे चारला त्यांच्या सासऱ्यांना धाप लागली. घरच्यांनी त्यांना आडवं करून छाती चोळायला घेतली. १०८ ची गाडी आली, त्यातून उतरलेल्या तरुण मुलीने पहिलं वाक्य उच्चारलं ते, "झोपवू नका, बसवा त्यांना." उशा लावून टेकवलं, ऑक्सिजनचा मास्क चढवला, खुर्चीत बसवूनच जिना उतरवला. सासरे आता घरी आहेत. बारावी सायन्सची नात मात्र तेव्हापासून एकच धोशा लावून बसलीय : मला हेच करायचंय. नीटचे, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे, मार्क बेताचे आहेत. वडिलांचं म्हणणं, "ॲम्ब्युलन्सवर बसायला एवढं शिकवलं का?" घराजवळच्या एका क्लासमध्ये सहा महिन्यांचा इमर्जन्सी टेक्निशियनचा कोर्स आहे, त्याची फी भरू का, असं आईंनी विचारलंय.

ताई, ती फी तूर्त भरू नका. मुलीची ओढ खरी आहे आणि काम मोलाचं आहे, म्हणूनच सांगतेय.

आधी एक गोष्ट तिला समजावून सांगा. त्या पहाटे तिने पाहिलेली मुलगी टेक्निशियन नसून बहुधा डॉक्टर होती. आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, म्हणजे अत्यवस्थ पेशंटसाठी जास्त यंत्रं असलेल्या, आणि ७०४ बेसिक, म्हणजे प्राथमिक सोयींच्या. अनेक राज्यांत अशा गाडीवर प्रशिक्षित टेक्निशियन असतो. महाराष्ट्राने डॉक्टर बसवले, बहुतेक बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) झालेले. म्हणजे सहा महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन तुमची लेक त्या जागी जाऊन बसेल, असं होणार नाही. क्लासवाले हे सांगत नाहीत, आणि मुलं वर्ष घालवून माझ्याकडे येतात. तिला नेमकी तीच खुर्ची हवी असेल, तर नीट पुन्हा देऊन बीएएमएस किंवा बीएचएमएसचा प्रयत्न करणं हा सरळ रस्ता आहे.

पण १०८ म्हणजे सगळं क्षेत्र नव्हे. मोठ्या हॉस्पिटलांच्या कार्डिॲक गाड्या आहेत, कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, आहे, ठाणे-बेलापूर रोडवरच्या मोठ्या कारखान्यांतल्या ॲम्ब्युलन्स रूम आहेत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मॅच असली की उभ्या राहणाऱ्या गाड्या आहेत. तिथे प्रशिक्षित टेक्निशियन लागतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांची (टेक्निशियन, थेरपिस्ट वगैरेंची) जी यादी केली, तिच्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय आहे. हळूहळू नोंदणी आणि पदवीला महत्त्व येणार, म्हणून माझा आग्रह पदवीचा आहे. इमर्जन्सीचं बीएस्सी मिळालं तर उत्तम. नाही तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी : तीन वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप. त्यातली ॲनेस्थेशियाची (भूल देण्याची) शाखा मला या कामाच्या सगळ्यांत जवळची वाटते, कारण श्वासनलिका मोकळी ठेवणं आणि मॉनिटर वाचणं हे तिथे रोज हाताखालून जातं. तुमच्या बाजूलाच कामोठ्याचं एमजीएम आणि नेरूळचं डी. वाय. पाटील ही अभिमत विद्यापीठं संलग्न आरोग्य शाखांच्या पदव्या देतात. तिथे जाऊन या वर्षीच्या शाखा आणि फी प्रत्यक्ष विचारा. कुठेही गेलात तरी एक प्रश्न सोडू नका : मुलांना खऱ्या कॅज्युअल्टीत आणि धावत्या गाडीवर किती तास उभं करता? उत्तर देताना समोरचा चाचरला तर उठून या.

आता मुलीच्या बाबांसाठी. 'ॲम्ब्युलन्सवर बसणं' म्हणजे काय, हे मला माझ्याच घरी कळलं. काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना ठाण्यात एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे हलवायचं होतं. खासगी गाडी मागवली. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले. मास्क नाकावर नीट होता, नळी जागेवर होती. सोबतच्या मुलाने सिलिंडरकडे पाहिलं तेव्हा काटा शून्यावर होता. दुसरा सिलिंडर होता, पण पाना सापडेना. सासूबाई वाचल्या. पण ती चार-पाच मिनिटं मी आजही विसरलेले नाही. निघण्याआधी काटा पाहणं, पाना सिलिंडरलाच बांधून ठेवणं, घशातला स्राव ओढून काढणारं सक्शन चालवून बघणं, हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या डिफिब्रिलेटरची बॅटरी तपासणं, हे सगळं ज्याच्या अंगवळणी पडलंय अशा माणसाची त्या दिवशी गाडीत गरज होती. हृदय बंद पडलेल्या माणसाला सीपीआर (छाती दाबून दिलेला आधार) मिळाला नाही, तर शॉक मिळायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सात वाजता ती मिनिटं कशी जातात, हे ठाणेकरांना सांगायला नको. त्या वेळात हॉस्पिटल पेशंटपर्यंत नेणारा तो माणूस असतो. गाडी चालवणारा वेगळा, त्याला १०८ वर पायलट म्हणतात, आणि त्याचंही काम सोपं नाही.

कठीण बाजूही लपवत नाही. कंत्राटी नोकऱ्या बऱ्याच, बारा-बारा तासांच्या पाळ्या, सुरुवातीचा पगार कमी. तिसऱ्या मजल्यावरून माणूस खाली आणायचा म्हणजे कंबर लागते. आणि कधीकधी पोहोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं, नातेवाईक अंगावर येतात. अठरा वर्षांच्या मुलीने हे निर्णयाआधी पाहावं. त्यासाठी दोन-तीन शनिवार ओळखीच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत परवानगी घेऊन नुसतं बसू द्या. एक-दोन दिवसांचा बीएलएसचा (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपायांचा) कोर्स करू द्या, त्यात पुतळ्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबावी लागते. दोन मिनिटांत घाम फुटतो. तरीही तिचा हट्ट टिकला, तर तो हट्ट नाही, कल आहे. बाबांनाही एका शनिवारी सोबत घेऊन जा.

आणि आजपासून तिला एक काम द्या. आजोबांची औषधं, डोस, कशाची ॲलर्जी, शेवटचा ईसीजी कधीचा, कोणत्या डॉक्टरांकडे दाखवतात, हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायला सांगा. दर महिन्याला तीच तपासेल. पुन्हा गाडी आली, तर वर येणारी व्यक्ती पहिल्यांदा तोच कागद मागेल.