डिस्ने वर्ल्डला बसून जेवावं की काउंटरवरून घेऊन खावं?

दुपारचं काउंटरवरून घ्या. झालं उत्तर. खाली जे एवढं लिहितेय ते तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीमुळे.

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात ऑर्लंडोला चाललाय, सहा जण, दोन लेकरं, सासू-सासरे शाकाहारी, सासऱ्यांना शुगर. आणि पुढं, "सासरे म्हणतात जेवण म्हणजे बसून, कुणीतरी वाढलेलं, हातात ताट धरून जागा हुडकत फिरणं त्यांना पटत नाही." हे वाचलं आणि वाटलं, आमच्याच घरातून कुणी टाकलंय की काय हा प्रश्न!

आम्ही लातूरचे. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. लेक अटलांटाला असतो. 2023 च्या जूनमध्ये आम्हाला गाडीत घालून सात तास चालवत ऑर्लंडोला नेलं. आम्ही दोघं, लेक, सून, सात वर्षांचा नातू आणि अडीच वर्षांची नात. निघायच्या आधीच यांनी फर्मान काढलं होतं, की सकाळी काहीही खायला घाला, पण दुपारचं जेवण टेबलावर बसून. बिचाऱ्या लेकानं 60 दिवस आधी पहाटे उठून मॅजिक किंगडममध्ये (डिस्ने वर्ल्डमधलं एक पार्क) दुपारी एकचं टेबल धरून ठेवलं. हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

सव्वाबाराला नातवाला घेऊन आम्ही बिग थंडर माउंटनच्या रांगेत. ती डोंगरातून पळणारी आगगाडी. पोरगं दोन महिने तिचेच व्हिडिओ बघत होतं. फलकावर 45 मिनिटं. पाऊण वाजला तरी रांग सरकतच होती, अजून पुढं माणसं होतीच. यांनी घड्याळ बघितलं. "चला, टेबल जाईल." लेक म्हणाला बाबा, दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. "दहा मिनिटं, दहा मिनिटं म्हणताच टेबल जातं." काढलं पोराला रांगेतून. ते रडलं नाही, नुसतं मान खाली घालून चाललं, आणि ते जास्त लागलं मला.

टेबलावर बसलो. मेनू आला. शाकाहारी म्हणून दोन पदार्थ. यांनी पास्ता घेतला, दोन घास खाल्ले आणि माझ्याकडं बघितलं. मी पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली. पांढऱ्याशुभ्र बशीत पांढरा पास्ता आणि त्यावर आमची लालभडक चटणी, आणि हे मान डोलावत खातायत! नात सुनेच्या मांडीवर झोपून गेली. बसल्यापासून उठेपर्यंत दीड तास. सगळं धरून बिल 240 डॉलर, त्यात 40 टीप. तेव्हाच्या भावानं वीस हजाराला टेकलं. हे हळूच म्हणाले, "चार क्विंटल सोयाबीन गेलं."

बिल देऊन बाहेर आलो आणि आभाळ गडगडायला लागलं. फ्लोरिडात जून ते सप्टेंबर दुपारी हे ठरलेलंच. वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या राइड बंद. डोंगरातली आगगाडी बंद. म्हणजे पावसाच्या वेळी जिथं बसायला हवं होतं तिथून आम्ही पाऊस यायच्या मुहूर्तावर उठलो होतो. तेव्हा पहिली गोष्ट लिहून ठेवा: टेबल घ्यायचंच असेल तर दुपारी तीनचं घ्या, एकचं नको. बारा ते दोन सगळी दुनिया जेवते. तीनला ऊन, पाऊस, गुडघे, सगळ्याचा बंदोबस्त एकाच खुर्चीत होतो. मे महिन्यात पाऊस तेवढा नसेलही, पण ऊन असेलच.

आता यांचं "बसून जेवण" हे प्रकरण ऑर्लंडोचं नाही, 2011 चं आहे. मोठ्या मुलीचं लग्न, औशाजवळच्या आमच्या गावी. मी म्हटलं बुफे ठेवू. यांनी आणि थोरल्या भाऊजींनी मिळून मला वेड्यात काढलं. "ताट घेऊन भीक मागितल्यासारखं उभं राहायचं का पाहुण्यांनी? माणूस बसून जेवतो, उभ्यानं जनावर खातं." मी म्हटलं, बैलसुद्धा रवंथ करायला बसतोच की. भाऊजी हसले, हे नाही हसले. पंगतीच ठरल्या. सहाशे पानं. वाढायला भावकीतली पोरं आणि घरातल्या बायका. पुरुषांच्या पंगती, मग पाहुण्या बायकांच्या, मग वाजंत्रीवाले, आचारी. मी, दोघी जावा आणि नणंद साडेचारला बसलो तेव्हा बुंदी संपली होती, वरणावर साय धरली होती आणि वांग्याच्या भाजीत रस्सा तेवढा उरला होता. मुलगी पाठवणीसाठी उभी आणि आई घास गिळतेय. पंगतीचं कौतुक करणारी माणसं बघा तुम्ही. सगळी बसणारी असतात. वाढणारी एकही नसते.

म्हणून त्या हॉटेलात एक झालं. आम्हाला वाढणारी मुलगी विशी-बाविशीची. माझा पाण्याचा ग्लास अर्धा झाला की न सांगता भरायची. तीन वेळा भरला. आयुष्यात माझा ग्लास असा कुणी भरला नव्हता, खोटं कशाला बोलू. निघताना मी सुनेला म्हटलं, विचार हिला, जेवलीस का? सुनेनं विचारलं. ती मुलगी आधी गोंधळली, मग हसली, म्हणाली सहाला सुटले की खाईन. तेवढ्यात हे टिपेच्या आकड्यावर बोट ठेवून लेकाला विचारत होते, "बक्षीस चाळीस डॉलर? कशाबद्दल?" मी म्हटलं, वाढणारीला द्या. गप्प बसले. तिथं टेबलावर जेवलात तर 18 ते 20 टक्के टीप धरूनच हिशोब करा. काउंटरवर टीप नाही. सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथं टेबलावर सभा भरते.

दुसऱ्या दिवशी, 29 जूनला, आषाढी. आम्हा दोघांचा उपास. त्यामुळे टेबलाचा विषयच मिटला. सुनेच्या पाठपिशवीत राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, केळी, आणि बाकीच्यांसाठी मी आदल्या रात्री केलेले धपाटे. (ज्वारीचं पीठ तिकडं देशी दुकानात मिळतं.) बाहेरचं खाणं आत चालतं, हे कित्येकांना माहीत नसतं. काचेची बरणी नको आणि दारू नको, बाकी पिशवी उघडून बघतात आणि सोडतात. लेकानं पोरांसाठी फोनवरून ऑर्डर टाकली. डिस्नेच्या ॲपमध्ये वेळ निवडायची, जवळ पोचलं की "आलो" म्हणून दाबायचं, तयार झालं की फोन वाजतो. लेक ताट आणायला गेला, मी सावलीतलं टेबल अडवून बसले. वीस मिनिटांत सगळ्यांचं आटोपलं. हे लाडू खात म्हणाले, "येळवसला बसल्यासारखं वाटतंय." (येळवस म्हणजे वेळा अमावस्या, आमच्याकडं त्या दिवशी शेतात जाऊन जेवतात.) मी म्हटलं, मग? येळवसला शेतात कोण वाढायला येतं? भज्जीचं पातेलं मध्ये, उंडे बाजूला, आंबिलाचं मडकं झाडाखाली, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. तिथं तुमची प्रतिष्ठा जात नाही ती? यावर त्यांनी दुसरा लाडू घेतला.

त्या दिवशी संध्याकाळी नातू आगगाडीत बसला. दोनदा.

पाण्याचं सांगायचं राहिलं. ज्या काउंटरवर पेयं मिळतात तिथं बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात. बाटल्या विकत घेऊ नका. आम्ही 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेली माणसं, हे तर प्रत्येक ग्लास तळापर्यंत पितात आणि उरलेला बर्फ रुमालात घेऊन मानेवर ठेवतात.

शाकाहाराचं म्हणाल तर मेनूवर पानाचं चिन्ह असतं. ते असलं की मांस, दूध, अंडं काहीच नाही. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं तर तिकडं अंडं त्यात चालतं, तेव्हा सासूबाई अंडं खात नसतील तर पान बघा. मॅजिक किंगडममध्ये पेकॉस बिल नावाच्या काउंटरवर भात, बीन्स असा आपल्याला ओळखीचा प्रकार असतो. ॲनिमल किंगडम या दुसऱ्या पार्कमध्ये सातूली कँटीनला टोफूचा वाडगा. फ्रेंच फ्राइज उपासाला चालतात असं सुनेनं सुचवलं होतं, पण त्याच तेलात कोंबडी तळलीय का हे विचारल्याशिवाय मी तरी शिवले नाही.

आता एवढं सगळं पंगतीच्या विरोधात लिहून झाल्यावर कबूल करते की एक बसून जेवण पूर्ण सहलीत ठेवाच. माझं ऐकाल तर पार्कमधलं नको, ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्याच हॉटेलातलं सना ठेवा. स्वयंपाक आफ्रिकेचा पण त्यावर आपल्या हिंदुस्थानी मसाल्यांचा हात, नान आणि वेगवेगळ्या चटण्या येतात, आणि खिडकीबाहेर जिराफ, झेब्रे चरत असतात. तिथं जायला पार्कचं तिकीट लागत नाही. ज्या दिवशी पार्कला सुट्टी, त्या संध्याकाळी जा. लेकरं जिराफ बघतील, सासरे बसून जेवतील, दोघांचं भागेल. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं. बहुतेक ठिकाणी दोन तास आधी रद्द केलं नाही तर माणशी दहा डॉलर कापतात, तेव्हा उगीच चार ठिकाणी धरून ठेवू नका. तीन वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही आणि बुफेत त्याचे पैसेही लागत नाहीत, तुमचं धाकटं त्यात बसत असेल तर बघा.

सासऱ्यांच्या शुगरचं मी विसरतच होते. त्यांचं दुपारचं जेवण टेबलाच्या भरवशावर सोडू नका, मग ते एकचं असो की तीनचं. टेबल एकचं असलं तरी घास तोंडात जाईपर्यंत दीड-पावणेदोन होतो, आणि वरून ऊन, चालणं. औषध घेऊन माणूस तेवढा थांबला तर साखर उतरून घाम फुटतो. त्यांच्या खिशात कायम काहीतरी असू द्या आणि जेवायची वेळ त्यांच्या गोळीवर ठरवा. डॉक्टरांना जायच्या आधी विचारा, मी मास्तरीण आहे, डॉक्टर नाही.

आणि सासरे ऐकतच नसतील तर त्यांना काउंटरच्या रांगेत नेऊच नका. आधी खुर्चीवर बसवा, मग ताट समोर नेऊन ठेवा. त्यांच्या मते ते वाढलेलंच असेल. मात्र ते ताट तुम्ही नेऊ नका, त्यांच्या मुलाला न्यायला सांगा.

धपाटे करणार असाल तर पीठ पाण्यात मळू नका, दह्यात मळा, वर तीळ थापा. पाण्यातले दुसऱ्या दिवशी चामड्यासारखे होतात.