रोजच्या वापरातले घड्याळ आणि नाकारलेली वॉरंटी

प्रश्न : पत्नीने मला नौकानयनाच्या धाटणीचे एक महागडे स्पोर्ट्‌स घड्याळ भेट दिले. पावती तिच्या नावावर आहे, वॉरंटी पाच वर्षांची आहे आणि तबकडीवर ‘100 मीटर’ असे छापलेले आहे. मी ते रोज घालतो. पोहताना, आणि बहुतेक वेळा गरम पाण्याने आंघोळ करतानाही. चौदाव्या महिन्यात काचेच्या आतून बाष्प दिसू लागले. सर्व्हिस सेंटरने ‘दैनंदिन वापर व पाण्याचा संपर्क यामुळे झालेले नुकसान’ असा शेरा मारून मोफत दुरुस्ती नाकारली आणि सशुल्क दुरुस्तीच्या फॉर्मवर सही मागितली. पावती माझ्या नावावर नसल्यामुळे मी ग्राहकच नाही, असेही तिथे ऐकवण्यात आले. मी काय करावे?

उत्तर : त्या फॉर्मवर अद्याप सही केली नसेल तर करू नये, केली असेल तर घड्याळ उघडले जाण्यापूर्वी ई-मेलने कळवून काम थांबवावे. आपल्या प्रकरणाचा सगळा निकाल पाणी आत कसे शिरले या एका प्रश्नावर अवलंबून आहे, आणि त्याचे उत्तर त्या घड्याळाच्या आत, त्याच्या सीलमध्ये (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यात) आणि चावीच्या आट्यांमध्ये आहे. एकदा सील बदलले, आतला भाग पुसून कोरडा केला आणि झाकण पुन्हा बसवले, की दोष निर्मितीतला होता की हाताळणीतला, हे कोणताही तज्ज्ञ खात्रीने सांगू शकणार नाही. माझ्याकडे अशी प्रकरणे बहुधा दुरुस्ती झाल्यानंतरच येतात, आणि तेव्हा हाती फक्त बिल उरलेले असते.

नावाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(7) मध्ये वस्तू विकत घेणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही ‘ग्राहक’ मानली आहे. तक्रारीत पत्नीला सहतक्रारदार करावे, म्हणजे हा आक्षेप उभाच राहणार नाही.

आता ‘दैनंदिन वापर’ या शेऱ्याकडे वळू. आपल्या दृष्टीने तो सर्वांत दुबळा शेरा आहे. जलरोधक घड्याळांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 22810, मुळात रोजच्या सामान्य वापराच्या आणि थोडा वेळ पोहताना वापरायच्या घड्याळांसाठीच आहे. खोल पाण्यात बुडी मारण्याच्या घड्याळांसाठी आयएसओ 6425 हे वेगळे आणि अधिक कडक मानक आहे. ‘100 मीटर’ या आकड्याचा अर्थ शंभर मीटर खोल जाता येईल असा होत नाही, तर साधारण 10 बार (बार हे दाबाचे एकक) दाबाच्या चाचणीला ते घड्याळ उतरले आहे असा होतो. परंतु एवढा दाब सोसणारे म्हणून विकलेले घड्याळ हात धुताना आणि पोहताना टिकले पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. वस्तुविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 15 प्रमाणे वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे, आणि तबकडीवर छापलेला आकडा हे वर्णनच आहे. तो छापील आकडा नसता, केवळ घड्याळाचे रूप नौकेची आठवण करून देणारे असते, तर मात्र मी इतक्या ठामपणे लिहिले नसते. गोल खिडकीसारखी चौकट किंवा शर्यतीच्या उलटमोजणीची कडा म्हणजे जलरोधकतेचे वचन नव्हे. आपल्या तबकडीवर किंवा पुस्तिकेत कोणत्या मानकाचा उल्लेख आहे, तेही पाहून ठेवावे.

बाष्पाबद्दलही एक तांत्रिक गोष्ट आपल्या बाजूची आहे. जलरोधकता तपासताना घड्याळ साधारण 40 ते 45 अंश सेल्सियसपर्यंत तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात आणि सुमारे एका मिनिटाने तो पुसून आतल्या बाजूला धुके धरले आहे का ते पाहतात. म्हणजे आपल्याला जे दिसले, ते आत ओलावा असल्याचे या क्षेत्रात सर्वमान्य असलेले लक्षण आहे. तारीख दिसेल अशी छायाचित्रे काढली नसतील तर आजच काढावीत.

आपली अडचण आंघोळीपाशी आहे. गरम पाण्याने धातू, काच आणि रबरी सील कमीअधिक प्रमाणात प्रसरण पावतात, साबणाच्या पाण्याने सील लवकर खराब होते, आणि म्हणूनच अनेक पुस्तिकांमध्ये गरम पाण्याचा वापर वॉरंटीतून वगळलेला असतो. तसे कलम आपल्या पुस्तिकेत आहे का, ते पाहावे. असल्यास ती पुस्तिका खरेदीच्या वेळी हाती दिली होती की नंतर आली, हेही आठवावे, कारण व्यवहार पूर्ण झाल्यावर पुढे केलेली अट ग्राहकावर तितक्या सहजपणे लादता येत नाही. आपण आंघोळीची गोष्ट मला मोकळेपणाने लिहिली, तशीच ती प्रतिज्ञापत्रातही यावी. ती लपवली आणि उलटतपासणीसाठी दिलेल्या प्रश्नावलीतून बाहेर आली, तर तबकडीवरच्या आकड्याचा भक्कम मुद्दाही संशयाच्या छायेत जाईल. शिवाय आंघोळ केली म्हणून आंघोळीमुळेच पाणी शिरले असे ठरत नाही. अपवादाच्या कलमाचा आधार जो घेतो, त्याने तो अपवाद या घटनेला कसा लागू होतो हे दाखवावे, असा आपला युक्तिवाद राहील. मात्र वस्तू सदोष आहे किंवा सेवेत त्रुटी आहे हे सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी तक्रारदाराची आहे, हे विसरू नये.

म्हणून सर्व्हिस सेंटरला लेखी विचारावे, की घड्याळ उघडण्यापूर्वी दाबाची चाचणी घेतली का, तिचा अहवाल कुठे आहे, चावी सैल आढळली का, आणि सीलची स्थिती काय होती. उत्तर न मिळणे हेही पुढे उपयोगी पडते. घड्याळ शक्य असल्यास आहे त्या स्थितीत परत घ्यावे आणि ताबा घेताना पोचपावतीवर ‘न उघडलेले’ असे लिहून घ्यावे. विक्रेत्याने ‘हे घड्याळ काढायची गरजच नाही’ अशा आशयाचे काही संदेश पाठवले असतील तर ते मूळ फोनमध्येच जपावेत. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्रासह ते दाखल करता येतील.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे आपण जिथे राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता तिथेही ती चालते. घड्याळासाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाला अधिकार आहे. 5 लाखांपर्यंत फीही लागत नाही. विक्रेता आणि उत्पादक किंवा त्याचा भारतातला प्रतिनिधी, दोघांनाही सामनेवाले करावे. मांडणीत दोन सापळे टाळावेत. पहिला, ‘उत्पादन दायित्व’, म्हणजे सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी, या त्याच कायद्यातील नव्या प्रकरणाचा मोह होईल. परंतु कलम 2(22) मधील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचे नुकसान वगळलेले आहे, त्यामुळे तो मार्ग आपल्याला उपयोगाचा नाही. दुसरा, वॉरंटीचे कलम ‘अनुचित करार’ म्हणून रद्द करा अशी मागणी केली तर ती ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. ती राज्य आयोगापुढेच न्यावी लागते. सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी, एवढ्यावरच तक्रार उभी करावी. तिच्यासोबतच कलम 38(2)(c) खाली घड्याळ सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अर्ज द्यावा. त्या अहवालासाठी कायद्याने 45 दिवसांची मुदत ठेवली आहे आणि चाचणीचा खर्च आधी आपल्यालाच भरावा लागेल.

मुदत कलम 69 प्रमाणे दोन वर्षांची आहे. वॉरंटी पाच वर्षांची असली तरी ही मुदत लांबत नाही, आणि पत्रव्यवहार चालू ठेवल्यानेही ती वाढत नाही. बाष्प प्रथम दिसले तो दिवस धरूनच मोजावे. नकाराची तारीख धरण्याचा युक्तिवाद शक्य आहे, पण त्याच्यावर विसंबू नये.

काय मिळेल, याबद्दल स्पष्ट लिहितो. चौदा महिने रोज वापरलेल्या घड्याळाची पूर्ण किंमत परत मिळणे मला अवघड वाटते. मोफत दुरुस्ती, चाचणीचा खर्च आणि मनस्तापाबद्दल माफक भरपाई, एवढी अपेक्षा वास्तव आहे. नोटीस गेल्यानंतर कंपनी बऱ्याचदा मोफत दुरुस्ती देऊ करते. तशी तयारी दिसल्यास स्वीकारावी, पण तीन गोष्टी लेखी घेऊन : दाबाच्या चाचणीचा दुरुस्तीपूर्व व दुरुस्तीनंतरचा अहवाल, काढलेली जुनी सील आपल्या ताब्यात, आणि जलरोधकतेची वॉरंटी उरलेल्या काळासाठी कायम असल्याचे पत्र. तोपर्यंत, सवय कितीही जुनी असली तरी, आंघोळीपूर्वी घड्याळ काढून ठेवावे.