लेकीला सर्व्हेच्या कामात जाऊ द्यावं का?

प्रश्न : मुलगी पुण्यात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. सुट्टीत एका पाहणीसाठी कोथरूड-वारज्यात घरोघर फिरली. आता म्हणते, सँपल सर्व्हेमध्येच, म्हणजे थोड्या लोकांना विचारून सगळ्यांचा अंदाज बांधण्याच्या कामातच, करिअर करायचं. आम्हाला वाटतं, डेटा सायन्सचा कोर्स करावा. दारोदार फिरण्यात कसलं भविष्य?
– एक पालक, हडपसर

उत्तर : नमस्कार. दारोदार फिरणं हा या कामाचा मधला टप्पा. खरं डोकं लागतं ते त्याच्या आधी आणि नंतर. कुणाला विचारायचं, किती जणांना, आणि जे भेटलेच नाहीत त्यांचं काय?

लेकीला विचारा, यादीतला फ्लॅट बंद असला तर ती काय करायची? घाईत शेजारची बेल वाजवण्याचा मोह होतो. पण सकाळी अकराला दार उघडतात ते बहुधा निवृत्त आजी-आजोबा. नोकरीवर गेलेलं जोडपं सुटतं. पीएमपीच्या बसने रोज किती जण प्रवास करतात, असा प्रश्न असेल तर उत्तर तिथेच चुकलं, आणि असेच दहा हजार फॉर्म भरले तरी ते सुधारत नाही. म्हणून त्याच फ्लॅटवर संध्याकाळी, रविवारी पुन्हा जायचं, आणि त्याचा खर्च आधीच धरायचा. तिने हे स्वतः पाहिलंय. ही शिदोरी वर्गात मिळत नाही.

हिशेबही मोठा सुंदर आहे. चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी हजार माणसं घेतली, तर टक्केवारीचा अंदाज सहसा तीन टक्क्यांहून जास्त चुकत नाही, मग ती पुण्यातली असोत की अख्ख्या महाराष्ट्रातली. चूक निम्मी करायची तर मात्र हजाराचे चार हजार लागतात. आणि पन्नास सोसायट्या निवडून प्रत्येकीतली वीस घरं घेतली, तर शेजारी पुष्कळदा एकसारखेच निघतात. त्या हजाराला सुट्या हजाराचं बळ राहत नाही.

या विषयातलं एक मोठं नाव आपल्याच मातीतलं आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, शिकले फर्ग्युसनमध्ये. शेताचा एक तुकडा कापून, तोलून पिकाचा अंदाज बांधतात, त्याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. त्यात केवढा तुकडा कापायचा, यावरून 1940च्या दशकात त्यांचा संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांशी वाद झाला. तुकडा फार लहान घेतला की हद्दीवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं, असं सुखात्म्यांनी दाखवलं. देशात धान्य किती पिकतं, याचा अंदाज अशा बारकाव्यावर अवलंबून असतो.

वाटा आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचं एम.एस्सी. करता येतं. लोकसंख्या आणि आरोग्याच्या पाहण्यांची ओढ असेल तर मुंबईत देवनारची आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेत नमुना निवड हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे आणि पदवीला संख्याशास्त्र असलं की अर्ज करता येतो. मार्केट रिसर्चमध्ये सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असू शकतो, हे धरून चाला.

प्रोग्रॅमिंग तिला यायलाच हवं. पण कोर्सची फी भरण्याआधी तिला एक काम द्या. राष्ट्रीय नमुना पाहणीची कुटुंबनिहाय आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर मिळते आणि ‘आर’ ही आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा फुकट आहे. महाराष्ट्राच्या कुटुंबांचा सरासरी खर्च तिने आधी भारांक (पाहणीतलं एक कुटुंब प्रत्यक्षात किती कुटुंबांच्या वतीनं आहे, तो आकडा) न लावता काढावा, मग लावून. दोन आकड्यांत फरक का पडला, हे तिला तुम्हाला नीट समजावता आलं आणि सांगताना ती रंगली, तर एम.एस्सी.चा फॉर्म भरा.