मुलीला म्हातारपणाचं रसायन शिकायचंय. कुठून सुरुवात करावी?

रावेर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. खाली सही नुसती ‘आप्पा’ अशी. घरची केळी, मुलगी फैजपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. आजींना अल्झायमर झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून मुलीच्या डोक्यात एकच: मेंदूत प्रोटीनच्या गुठळ्या का होतात, आणि त्या उतारवयातच का, हे शिकायचं. तिला एका खासगी संस्थेचा ‘अँटी-एजिंग’ डिप्लोमा सापडलाय, फी लाखाच्या वर. नातेवाईक म्हणतात बी.एड. कर, तलाठीची परीक्षा दे. आप्पांचे प्रश्न सरळ आहेत: हे खरं शास्त्र आहे का, किती वर्षं लागतील, आणि पोट भरेल का?

नमस्कार आप्पा,

आधी डिप्लोमाचं सांगतो, कारण फीची तारीख जवळ आलीय असं तुम्ही लिहिलंय. ती भरू नका. या विषयावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत तो कागद कुणी विचारणार नाही. तिथे विचारतात की प्रोटीन शुद्ध करता येतं का, आलेख वाचता येतो का, गणिताला घाबरत तर नाहीस ना. मुलगी रसायनशास्त्र शिकतेय हेच तिचं भांडवल आहे. ते सोडून ‘एजिंग’ असं नाव लावलेल्या कोर्सच्या मागे धावू नका.

शास्त्र मात्र अगदी खरं आहे आणि शंभर वर्षांहून जुनं आहे. १९०६ साली जर्मनीत आलॉइस अल्झायमर यांनी स्मृती गेलेल्या एका बाईच्या मेंदूबद्दल सांगितलं. त्यात पेशींच्या बाहेर साचलेले थर होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. थरांमधलं मुख्य प्रोटीन अ‍ॅमिलॉइड बीटा आणि गुंत्यातलं टाऊ, हे कळायला १९८०चं दशक उजाडलं. पार्किन्सनमध्ये साचतं ते अल्फा-सिन्युक्लीन. प्रोटीनं वेगवेगळी, पण धागे जुळण्याची रीत फार सारखी.

तुम्ही विचारलंय की गुठळी होते म्हणजे नेमकं काय. प्रोटीन ही अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक आकारात दुमडली तर बहुतेक वेळा नीट काम करते. दुमडण बिघडली की आत दडलेले, पाण्याशी न जमणारे भाग उघडे पडतात आणि अशा साखळ्या एकमेकींना चिकटत जातात. तरुण पेशीत यावर पहारा असतो. चॅपरोन नावाची प्रोटीनं दुमडायला मदत करतात, बिघडलेल्या साखळ्या प्रोटिएसोम नावाचं पेशीतलं यंत्र कापून टाकतं, आणि मोठा कचरा पेशी स्वतःच पचवते. या पचवण्याला ऑटोफॅजी म्हणतात. त्यामागची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६चं नोबेल मिळालं. वयाबरोबर हा पहारा ढिला पडतो.

याचं एक उदाहरण तुमच्या गल्लीत घरोघरी असेल: मोतीबिंदू. डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यातली क्रिस्टॅलिन प्रोटीनं आपल्या जन्माआधीच बनतात आणि पुढे आयुष्यभर बदलली जात नाहीत. साठ-सत्तर वर्षं ऊन सोसून ती बिघडतात, एकमेकांना चिकटतात आणि भिंग गढूळ होतं. उन्हातान्हात वावरात राबलेल्या माणसांच्या डोळ्यांत मुलीचा विषय असा रोज दिसतो.

आता मला या विषयात खरं आकर्षक वाटतं ते सांगतो. गुठळ्या फक्त आजारात होतात असं नाही. सी. एलेगन्स नावाचा जेमतेम एक मिलिमीटरचा कृमी दोन-तीन आठवडे जगतो. १९९३ साली सिंथिया केनियन यांच्या गटाने त्याच्या डॅफ-२ या एका जनुकात बदल असला की त्याचं आयुष्य दुप्पट होतं हे दाखवलं. २०१० साली त्याच कृमीत दिसलं की कुठलाही आजार नसताना नुसत्या वयाने शेकडो प्रोटीनं गुठळ्या धरतात, आणि डॅफ-२ मंदावलेल्या कृमींमध्ये हे उशिरा होतं. म्हणजे म्हातारपण आणि गुठळी यांची गाठ मुळातच आहे. पण कोण कारण आणि कोण परिणाम, यावर अजून वाद आहे. अ‍ॅमिलॉइड साफ करणारं लेकॅनेमॅब हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. चाचणीत १८ महिन्यांत रुग्णांची घसरण सुमारे २७ टक्के मंदावली, थांबली नाही, आणि काहींना मेंदूत सूज आणि बारीक रक्तस्राव झाले. थर काढूनही आजार का थांबत नाही, याचं उत्तर शोधायला माणसं हवीत. तुमची मुलगी योग्य वेळी येतेय.

आजींबद्दल एक. मी डॉक्टर नाही, पण बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. यांच्या कमतरतेनेही विसरभोळेपणा वाढतो, आणि त्यावर उपाय आहे.

पोटाचा प्रश्न. ही बाजू बहुतेकांना माहीत नसते. इन्सुलिन आणि कॅन्सरवरची अँटिबॉडी ही औषधं स्वतःच प्रोटीनं आहेत. बाटलीत, वाहतुकीत, उन्हात ती गुठळ्या धरतात, आणि तशी सुई टोचली तर शरीर त्या औषधावरच उलटू शकतं. म्हणून अशी औषधं बनवणाऱ्या कंपनीत गुठळ्या मोजणारं खातं असतंच. पुण्यात ल्युपिनचं बायोटेक आहे, अहमदाबादला इंटास आणि झायडस, बंगळुरूला बायोकॉन. भुसावळहून सुरतमार्गे गुजरात तर आपल्या खान्देशी माणसाला घरचाच रस्ता. चांगली एम.एस्सी. आणि हाताला यंत्रांची सवय एवढ्यावर इथे सुरुवात होते, पीएच.डी. नसली तरी.

संशोधनातच जायचं असेल तर हिशोब लांबचा आहे, तो लपवत नाही. एम.एस्सी. दोन वर्षं, पीएच.डी. पाच-सहा वर्षं. मुलगी तिशीजवळ पोचेल. पण नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, त्यामुळे पीएच.डी.चा खर्च तुमच्या केळीच्या भावावर अवलंबून राहत नाही. प्रवर्गानुसार सारथी, महाज्योती, बार्टी या राज्य सरकारच्या संस्थांच्याही योजना आहेत, त्यांच्या जाहिराती बघत राहा. लग्नाचं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. मी एवढंच म्हणेन की स्थळाशी बोलताना ही पाच-सहा वर्षं आधीच मोकळेपणाने सांगा. आणि बी.एड. काय, तलाठी काय, एम.एस्सी.नंतरही करता येतं. ती दारं बंद होत नाहीत.

एम.एस्सी.साठी पुढच्या वर्षी जॅम ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यायची. रसायनशास्त्राचा पेपर तिला सोपा जाईल, पण जीवशास्त्राकडे वळायचं तर बायोटेक्नॉलॉजीचा पेपर बघावा. गॅट-बी ही बायोटेक्नॉलॉजीची प्रवेश परीक्षा आहे, टीआयएफआरची डिसेंबरातली परीक्षा आहे. पुण्याची आयसर, मुंबईची टीआयएफआर, आयआयटी मुंबई, बंगळुरूची आयआयएससी या संशोधन संस्था डोळ्यासमोर ठेवा. तिथे नंबर लागला नाही तर जळगावला विद्यापीठातही बायोकेमिस्ट्रीची एम.एस्सी. होते. विद्यापीठ कुठलं यापेक्षा दोन वर्षांत किती प्रयोग स्वतःच्या हाताने केले, हे पुढे मोजलं जातं.

आता थोडं मुलीशी.

बाळा, या वयातल्या ओढीवर सात-आठ वर्षं पणाला लावण्याआधी एक प्रयोग कर. कॉलेजातच होईल. सरांना सांगून लायसोझाइम मागव. ते अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेलं, स्वस्त प्रोटीन आहे. पीएच २ च्या आम्लात विरघळवून ६० ते ६५ अंशांवर काही दिवस ठेव, त्याचे धागे बनतात. ओळखायचे कांगो रेडने. हा रंग १८८०च्या दशकात जर्मनीत सुती कापडासाठी बनला होता. आपल्या कापसाच्या मुलखात जन्मलेल्या मुलीला हे माहीत असावं. पुढे कळलं की तो अ‍ॅमिलॉइडलाही, म्हणजे प्रोटीनच्या अशा धाग्यांनाही, धरतो, आणि आजही पॅथॉलॉजिस्ट तोच वापरतात. मोजण्याआधी नमुना तटस्थ बफरमध्ये विरळ कर, नाहीतर कांगो रेड नुसत्या आम्लानेच निळा पडतो आणि धागे बनल्याचा भास होतो. नीट झालं तर रंगाच्या प्रकाश-शोषणाच्या आलेखातलं ४९० नॅनोमीटरजवळचं शिखर ५४०च्या बाजूला सरकतं. न तापवलेलं प्रोटीन शेजारी ठेवायला विसरू नकोस, आणि हातमोजे घाल, रंग विषारी आहे. पहिल्यांदा बहुधा फसेल. फसल्यावर का फसलं हे शोधण्यात मन रमलं, तर हा रस्ता तुझा आहे.

देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपची जाहिरात बघत राहा आणि वेळेत अर्ज भर. सोबत चार-पाच प्रयोगशाळांना मेल टाक. “मला वृद्धत्वात रस आहे” एवढंच लिहू नकोस. त्यांचा एक पेपर वाच, त्यातली एक आकृती कळली नसेल तर तीच विचार, आणि खाली तुझ्या कांगो रेडचा आलेख जोड, फसलेला असला तरी. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर पुन्हा एकदा लिही.