गोदाकाठी मोहेंजोदडो का घडले नाही?

प्रश्न : सिंधूच्या काठी मोहेंजोदडोसारखे नगर उभे राहिले, मग गोदावरी, प्रवरा, भीमा अशा नद्या असूनही त्या काळी महाराष्ट्रात तशी नगरे का झाली नाहीत? आपले लोक मागासलेले होते का?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : मागासलेपणाचा येथे काही संबंध नाही, नदी आहे एवढ्याने नगर होत नाही, नदी काय आणून टाकते आणि कोठे टाकते हे पाहावे लागते. सिंधू हिमालयातला गाळ आणून विस्तीर्ण सपाट प्रदेशावर पसरवते. पूर ओसरला की त्या मऊ, ओलसर पोयट्यात फारशी नांगरट न करताही पीक घेता येई, आणि त्या वरकड धान्यावर कारागीर, व्यापारी व कारभारी पोसले जात. दख्खनच्या नद्या मात्र बेसॉल्टच्या कठीण खडकातून खोल पात्रे कोरीत वाहतात, त्यामुळे त्यांच्या काठी गाळाची जमीन अरुंद पट्ट्यांतच मिळते. पट्ट्यापलीकडची काळी जमीन कसदार खरी, परंतु पावसात ती चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. लोखंडी अवजारांवाचून ती मोठ्या प्रमाणावर लागवडीखाली आणणे अवघड होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. शिवाय हा सारा टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कोकणात पाऊस उदंड. पण तेथे दाट जंगल आणि डोंगरउतार आडवे येत.

तरीही येथे वस्ती होती, आणि ती विचारपूर्वक केलेली होती. प्रवरेकाठच्या दायमाबादची वस्ती जोर्वे काळात (इ.स.पू. १४०० ते १००० च्या सुमारास) सुमारे २० हेक्टरांपर्यंत पसरली होती (मोहेंजोदडो २०० हेक्टरांच्या पुढे जाते). तेथे १९७४ मध्ये सापडलेला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा या भरीव धातुमूर्तींचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक आहे. शिरूर तालुक्यात, घोड नदीवरील इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने केले. तेथील शेतकऱ्यांनी पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध घालून कालवा खोदला होता आणि ते प्रामुख्याने जव पिकवीत. इ.स.पू. १००० च्या सुमारास मात्र चित्र पालटले: ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. हवामान कोरडे होत गेल्याने शेती मागे पडून मेंढ्या-शेळ्यांवरचा भर वाढला, असे उत्खनकांनी त्याचे कारण दिले आहे. अरुंद पट्ट्यावर जगणाऱ्या गावाला पावसाने दिलेला दगा पेलत नाही, हे मला त्यात सर्वांत बोलके वाटते.

नगरे झाली, पण पुढे, लोखंड रुळल्यावर आणि सातवाहनांच्या काळात व्यापार फोफावल्यावर. जो सह्याद्री पाऊस अडवीत होता, त्याच्याच घाटांना आता मोल आले. नाणेघाटाच्या माथ्याजवळच्या जुन्नरचा माल कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे उतरू लागला. देशावर पैठण आणि तेर भरभराटीस आली. इ.स.च्या पहिल्या शतकातील एका ग्रीक वृत्तान्तात पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर असल्याचे नोंदले असून, तेथला माल रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर लादून भडोच बंदरात नेला जात असे, असेही त्यात म्हटले आहे.