हरभऱ्यातला भ्रूणपोष जातो कुठे?

तुझा प्रश्न असा आहे: ज्वारीच्या दाण्यात भ्रूणपोष (भ्रूणाला अन्न पुरवणारा बीतला भाग) असतो आणि हरभऱ्यात नसतो, मग हरभऱ्यात दुहेरी फलन होतच नाही का? होतं. दोघांतही होतं आणि भ्रूणपोषही दोघांत तयार होतो. भ्रूण तो केव्हा खातो, एवढाच फरक.

परागनलिकेतून दोन पुंयुग्मकं, म्हणजे नर प्रजननपेशी, बीजांडात पोचतात. एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण बनतो. दुसरं मधल्या पेशीतल्या दोन ध्रुवीय केंद्रकांना मिळतं, त्याचा भ्रूणपोष होतो. हेच दुहेरी फलन. सर्गेई नावाशिन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये ते पहिल्यांदा दाखवलं. ज्वारीच्या या प्रत्येक केंद्रकात १० गुणसूत्रं असतात, म्हणून दोन केंद्रकांतून बनलेल्या भ्रूणाच्या पेशीत २०, तर तीन केंद्रकांतून बनलेल्या भ्रूणपोषाच्या पेशीत ३० असतात.

तू सोलापूरची आहेस, तर हे पुस्तकाआधी रानात बघ. मोहोळ, मंगळवेढ्याकडे हुरडा धरायच्या थोडं आधी मालदांडी ज्वारीच्या कणसातला दाणा नखाने दाबलास, तर पांढरं दूध येतं. ते दूध म्हणजे भरत चाललेला भ्रूणपोष. त्यात स्टार्च साठत जातो, दाणा हुरड्याला येतो, मग टणक होतो. पिकलेल्या दाण्याच्या वजनात सुमारे ८० टक्के वाटा याचाच, म्हणजे भाकरीत आपण मुख्यतः भ्रूणपोषच खातो. भ्रूण बुडाशी, लहानसा आणि तेलकट. या तेलामुळेच ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवलं की कडू होतं आणि घरोघरी दळण थोडं थोडं आणतात.

हरभऱ्याचा भ्रूण मात्र शिदोरी घाट्यातच सोडून खातो. दाणा पिकेपर्यंत तो भ्रूणपोष संपवतो आणि ते अन्न आपल्या दोन बीजपत्रांत, म्हणजे भ्रूणाच्या पहिल्या पानांत, भरून ठेवतो. आपण जिला डाळ म्हणतो ती ही बीजपत्रंच. तुरीचं तसंच, शेंगाचटणीतल्या दाण्याचंही तसंच. पुरावा हवा असेल तर अगदी कोवळा मटार फोड. सालीखाली पाणीदार द्रव दिसेल, तो भ्रूणपोष. भरलेल्या मटारात तो सापडणार नाही.

‘द्विबीजपत्री म्हणजे भ्रूणपोषरहित’ असं पाठ केलं असशील तर आजच पुसून टाक. या घोकंपट्टीने फार मुलं चुकतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. एरंड द्विबीजपत्री आहे, तरी त्याचं तेल भ्रूणपोषात असतं आणि बीजपत्रं कागदासारखी पातळ असतात. मेथी आणि गवार तर हरभऱ्याच्याच कुळातल्या. भिजवलेल्या मेथीला जो बुळबुळीतपणा येतो तो भ्रूणपोषामुळे, आणि गवार गमही गवारीच्या बियांतल्या भ्रूणपोषापासूनच काढतात.

ज्वारीचं एकुलतं बीजपत्र, वरुथिका, भ्रूण आणि भ्रूणपोष यांच्यामध्ये असतं. पाणी मिळालं की ती विकरं (अन्न मोडणारी द्रव्यं) सोडते, स्टार्चची साखर होते आणि ती साखर कोंबाला पोचते. ओल्या फडक्यात ज्वारी आणि हरभरा शेजारी शेजारी उगवत ठेव. काही दिवसांनी ज्वारीचा दाणा दाबलास तर आत पातळ झालेलं लागेल, हरभऱ्याची बीजपत्रं आक्रसत जाताना दिसतील. मोडाची ज्वारी चावून मात्र बघू नकोस: तिच्या कोंबातल्या एका द्रव्यापासून सायनाइड सुटतं, कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते ती त्यामुळेच. एरंडीचं बी हाताळलंस तर तेही तोंडात घालू नकोस, ते विषारी असतं.