आईला घेऊन मे महिन्यात मुंबई-गोवा क्रूझला जायचंय, बॅग कशी भरू?

तुम्ही विचारलंय की जळगावहून चाललोय, तीन रात्री जहाजावर, सोबत आई आहे आणि ती नऊवारी नेसते. सामान आटोपशीर कसं न्यावं, आणि फोटोत गावठी दिसू नये म्हणून तिला गाऊन किंवा कॉर्ड सेट (एकाच कापडाचा टॉप आणि पँट) घ्यावा का?

सामानाचं कोणीही सांगेल. मी लिहायला बसले ती त्या 'गावठी' शब्दामुळे. आईला गाऊन घेऊ नका. तिला तिच्या लुगड्यात जाऊ द्या. हा शब्द आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी याच कारणावरून निघाला होता आणि तो मला अजून खुपतो.

मी अमळनेरची. एकोणीस वर्षं शिवणकाम करते. सासरे इथल्या प्रताप मिलमध्ये, कापडाच्या गिरणीत, होते. सासूबाई आजही दुकानात कापड अंगठा आणि बोटात धरून चोळतात आणि दोन धुण्यांत ते काय होईल ते सांगतात, आणि तसंच होतं. त्या वर्षी सखाराम महाराजांची यात्रा आटोपली, बोरी नदीच्या पात्रातली दुकानं उठली, आणि पुण्याच्या माझ्या नणंदेने, म्हणजे ताईंनी, आम्हा सगळ्यांची क्रूझची तिकिटं काढली. खर्च त्यांनी केला, हौस त्यांची होती, हे आधी सांगते. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं.

पण त्यांनी सगळ्यांचे कपडेही ठरवले. पहिल्या रात्रीच्या जेवणाला पांढरं आणि निळं. चौघी बायकांचे सेट मीच शिवले, आठ दिवस रात्री जागून. सासूबाईंसाठीही एक लांब गाऊन शिवायला लावला. सासूबाईंनी कापड चोळलं, काही बोलल्या नाहीत, घडी करून ठेवून दिलं. त्यांच्याकडे मांजरपाटाची, म्हणजे जाड कोऱ्या सुती कापडाची, एक पिशवी आहे, खांद्याला अडकवायची, जुनी पण स्वच्छ. ताई म्हणाल्या, "आई, ती पिशवी घेऊन जहाजावर चढू नको, गावठी दिसतं, सगळ्या फोटोत येईल. दे, मोठ्या बॅगेत टाकते." सासूबाई आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाल्या, "मनी थैली मनाजोडेच ऱ्हाऊ दे." म्हणजे, माझी थैली माझ्याजवळच राहू दे.

आता ज्यांनी क्रूझ केली नाही त्यांना एक गोष्ट माहीत नसते. जहाजावर मोठी बॅग आपण ओढत नेत नाही. बंदरावर, मुंबईत बॅलार्ड पिअरला, ती तिथल्या माणसांच्या ताब्यात द्यायची, तिला खोलीच्या नंबरची चिठ्ठी लागते, यंत्रातून तपासून ती जहाजात चढते आणि मग खोलीच्या दाराशी येते. हजारभर लोकांच्या बॅगा. तुमची कधी येईल ते तुमच्या हातात नाही.

आम्ही दुपारी अडीचला चढलो. बॅगा आल्या रात्री पावणेदहाला. जेवण आठचं. रात्रभर रेल्वेत चुरगळलेल्या, मुंबईच्या घामाने पाठीला चिकटलेल्या कपड्यांवर आम्ही त्या झुंबराखाली बसलो. मुली पोहायला जायचं म्हणून सकाळपासून नाचत होत्या, त्यांचे पोहण्याचे कपडे बॅगेत. हे सगळं मी विसरले असते. पण ताईंच्या मिस्टरांची बीपीची आठची गोळीही त्याच बॅगेत होती, चार सेट कपड्यांच्या खाली, घडी मोडू नये म्हणून तळाशी ठेवलेल्या डब्यात. ताई तीनदा काउंटरवर जाऊन आल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांचे हात थरथरत होते.

सासूबाईंनी मात्र संध्याकाळी तोंड धुतलं, पिशवीतून धुतलेलं लुगडं आणि झंपर काढला, नेसल्या, गोळ्यांच्या स्टीलच्या डबीतून आपली गोळी घेतली, शाल खांद्यावर टाकली आणि जेवायला आल्या. आमच्यात नीटनेटकं माणूस त्या एकट्या होत्या. जन्मभर एसटीने फिरलेली बाई. टपावर टाकलेलं सामान मुक्काम येईपर्यंत आपलं नसतं हे तिला ठाऊक होतं.

ताई अजून म्हणतात, चूक जहाजवाल्यांची. असेलही, सात तास हे फार झाले. पण गोळी मोठ्या बॅगेत कोणी टाकली, या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच. प्रत्येकाच्या खांद्यावर एक पिशवी, तिच्यात त्या दिवसाची संध्याकाळ मावली पाहिजे. आधार कार्ड, तीन दिवसांची सगळी औषधं, मळमळीची गोळी, कपड्यांचा एक पूर्ण जोड, पोहायचे कपडे, मोबाइलचा चार्जर, एक शाल. परतीच्या आदल्या रात्रीही बॅग दाराबाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा सकाळी उतरायचे कपडे याच पिशवीत राहू द्या.

आता कापडाचं, कारण यात आपल्याकडचे लोक हमखास फसतात. आपल्याला वाटतं की आपण पंचेचाळीस डिग्री सोसणारी माणसं, समुद्रावरच्या बत्तीस-तेहतीसचं काय. पण आपलं ऊन कोरडं. अंगणात पिळून टाकलेलं लुगडं घटकाभरात कडक होतं, घाम कपड्याला लागायच्या आत उडतो. समुद्रावर हवेतच पाणी असतं, घाम उडतच नाही. मी पहिल्या रात्री न्हाणीघरात एक सुती ब्लाउज धुऊन टाकला. सकाळी हात लावला तर काखेची शिवण अजून गार, ओली, आणि अस्तराला वास. म्हणून आपली जाड खादी, जीन्स, अस्तराचे ड्रेस इथेच ठेवा. मलमल, पातळ लिनन, रेयॉन न्या. आतले कपडे दिवसाला एक आणि वर एक जास्तीचा, कारण तिथे धुऊन वाळतील या भरवशावर राहता येत नाही.

लिननला चुण्या पडतात आणि इस्त्री नेता येत नाही. माझी छोटी प्रवासी इस्त्री तपासणीत काढून घेतली, उतरताना परत दिली. इस्त्री, पाणी तापवायची किटली, लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, हे आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर चालत नाही आणि ते बरोबरच आहे. त्यावर उपाय सोपा आहे. कपडे घडी न घालता वळकटी करून भरा, आणि गरम पाण्याने अंघोळ करताना उद्याचा ड्रेस हँगरला लावून आत टांगा. वाफेने बऱ्याचशा चुण्या जातात. संध्याकाळचा एक चांगला कपडा क्रेपचा असू द्या, त्याला काहीच करावं लागत नाही.

जहाजाच्या आत मात्र एसी इतका असतो की नाटकाच्या हॉलमध्ये दात वाजतात. शाल म्हणूनच सांगितली. रंग दोनच धरा, म्हणजे कुठलीही कुर्ती कुठल्याही पँटवर जाते. मला विचाराल तर स्टाइल म्हणजे एवढंच: अंगाला बसलेलं आणि एकमेकांवर जाणारं. तीन रात्रींना सहा नवे ड्रेस घेणारी माणसं खोलीतल्या त्या एवढ्याशा कपाटापुढे उभी राहून भांडतात, मी पाहिलंय.

चपला रबरी तळाच्या. डेक ओला असतो आणि जहाज हलतं. हॅट घ्यायची तर हनुवटीखाली बांधायला नाडी लावून घ्या, मी तुमच्या जागी असते तर आधी तेच शिवलं असतं. गोव्यातल्या मुरगाव बंदराला उतरलात तर पणजी तासाभरावर आहे, तिथे सकाळी लवकर निघा, दुपारी डोकं उठतं.

आणि वारा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डेकवर गेलो. आमचे नवे घेरदार सेट वाऱ्याने असे उडत होते की दोन्ही हात कपडे धरण्यातच अडकलेले. सासूबाई कठड्याशी उभ्या. काष्टा मागे घट्ट, ओचा पोटाशी, पदर कमरेला खोचलेला, नुसता पदराचा काठ फडफडत होता. दोन्ही हात कठड्यावर मोकळे ठेवून त्यांनी पहिल्यांदा चहूकडे पाणीच पाणी बघितलं. तो फोटो ताईंच्या मुलीने काढला. पुण्याच्या त्यांच्या हॉलमध्ये आज तोच लावलेला आहे. पिशवीही आहे त्यात, खांद्यावर. गाऊन अजून माझ्या कपाटात घडीचाच आहे.

काही गोष्टी राहिल्या. मी एकदाच गेलेय, तेही देशातल्या देशात. परदेशी क्रूझला पासपोर्ट लागतो, काही जहाजांवर एखाद्या रात्री कोट-गाऊनचा नियम असतो, ते तिकिटाच्या कागदात वाचून घ्या. जहाजावरच्या पोहण्याच्या तलावात साडी-लुगडं किंवा सुती कपडे घालून उतरू देत नाहीत, पोहायचा नायलॉनचाच पोशाख लागतो. आईला पाय बुडवायचे असतील तर आधी विचारा. घरचं शिजवलेलं जहाजावर नेऊ देत नाहीत, दशम्या गाडीतच संपवा. तुमच्या बॅगा तासाभरात येतीलही, सगळीकडे सात तास लागतात असं नाही. आणि आईला स्वतःलाच पंजाबी ड्रेस घालून बघायचा असेल तर जरूर शिवा, माझा राग फक्त दुसऱ्याने ठरवण्यावर आहे. आधी तिला विचारा. तुमच्या प्रश्नात तिला विचारलंय असं कुठे दिसलं नाही.

पिशवीचं माप देते, कोणीही शिंपी शिवून देईल. रुंदी सोळा इंच, उंची चौदा, तळाला चार इंचांची पट्टी, म्हणजे डबा आडवा होत नाही. बंद खांद्यावरून कमरेपर्यंत येईल एवढा, दोन इंच रुंद, टोकांना चौकोनी दुहेरी टीप. आत चेनचा एक कप्पा, गोळ्यांना आणि आधार कार्डाला. कापड मांजरपाट, शिवायच्या आधी एकदा भिजवून घ्या, नाहीतर आटतं.